कॅसिओ ५८००पी: साइटवर लागणारे प्रोग्रॅम आणि ते नेमके कुठे चुकतात

शून्य_चेनेज (धागाकर्ता)

सिन्नर-घोटी पट्ट्यात रस्त्याच्या आखणीला कॅसिओचा ५८००पी हा प्रोग्रॅम टाकता येणारा कॅल्क्युलेटर वापरणारे इथे बरेच आहेत, म्हणून धागा काढतोय. टोटल स्टेशनमध्ये (अंतर आणि कोन मोजणारे सर्व्हेचे यंत्र) सगळे प्रोग्रॅम असतात हे मान्य. पण मशीनने दिलेला आकडा दुसऱ्या कशावर तरी पडताळायला हवा आणि त्यासाठी खिशातला कॅल्क्युलेटर बरा पडतो.

तीन अडचणी आहेत.

१. दोन बिंदूंच्या कोऑर्डिनेटवरून अंतर आणि बेअरिंग (उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेला कोन) काढणारा प्रोग्रॅम लिहिला. ए, बी म्हणजे स्टेशनचे नॉर्दिंग-ईस्टिंग (उत्तरेकडचे आणि पूर्वेकडचे अंतर), सी, डी म्हणजे बिंदूचे. बेअरिंगसाठी टॅन⁻¹((डी−बी)÷(सी−ए)) असे लिहिले आहे. काही बिंदूंना उत्तर बरोबर, काहींना बरोब्बर १८० अंशांनी उलटे. बिंदू सरळ पूर्वेला असला की मॅथ एरर.

२. कॅसिओच्याच जुन्या ४५००पी च्या झेरॉक्स फिरत असतात. त्यातले प्रोग्रॅम जसेच्या तसे टाकले की सिंटॅक्स एरर येतो.

३. साध्या वर्तुळाकार कर्व्हचा प्रोग्रॅम हवा. चेनेज (रस्त्याच्या सुरुवातीपासून आखणीवरचे अंतर) आणि ऑफसेट (मध्यरेषेपासून बाजूचे अंतर) टाकला की नॉर्दिंग-ईस्टिंग मिळावे.

धाग्याचा नियम म्हणून कोड देवनागरीत लिहितोय. "ए" म्हणजे ए अक्षराचे बटण. अवतरणातली नावे मशीनवर अर्थातच रोमन अक्षरांत टाकावी लागतील.

दुर्बीण

पहिल्या अडचणीत प्रोग्रॅम चुकलेला नाही, सूत्र अपुरे आहे. टॅन⁻¹ ला भागाकार तेवढा दिसतो. +४०÷+३० आणि −४०÷−३० त्याला सारखेच, त्यामुळे पहिला आणि तिसरा चतुर्थांश एक होतात, दुसरा आणि चौथाही. बिंदू सरळ पूर्वेला असला तर छेद शून्य, म्हणून मॅथ एरर. चार इफ टाकून हे दुरुस्त करणारे पाहिलेत, पण त्याची गरज नाही. पोल( फंक्शन दोन्ही फरक चिन्हासकट घेते.

डेग : फिक्स ३
?ए : ?बी
लेबल १
?→सी : ?→डी
पोल(सी−ए, डी−बी)
जे<०⇒जे+३६०→जे
"अंतर" : आय◢
"बेअरिंग" : जे▶डीएमएस◢
गोटू १

◢ म्हणजे उत्तर दाखवून थांब. ५८००पी मध्ये पोल( चे उत्तर आपोआप आय (अंतर) आणि जे (कोन) मध्ये जाते. कोन −१८० ते +१८० मध्ये येतो, म्हणून ऋण आला तर ३६० मिळवायचे.

क्रम महत्त्वाचा. आधी नॉर्दिंगचा फरक, मग ईस्टिंगचा. गणिताच्या पुस्तकात एक्स आधी असतो म्हणून हात आपसूक ईस्टिंग आधी टाकतो. मग कोन उत्तरेऐवजी पूर्वेकडून, आणि घड्याळाच्या उलट दिशेने मिळतो. अंतर बरोबरच येते, त्यामुळे चूक लवकर ध्यानात येत नाही.

प्रोग्रॅम टाकल्यावर हे चार आकडे जुळवा. ए आणि बी दोन्ही ० ठेवा. अंतर चारही वेळा ५०.

सी ३०, डी ४० → ५३°७′४८.३७″
सी −३०, डी ४० → १२६°५२′११.६३″
सी −३०, डी −४० → २३३°७′४८.३७″
सी ३०, डी −४० → ३०६°५२′११.६३″

चौथ्याला १४३°७′४८.३७″ आले तर क्रम उलटा पडलाय. चारांपैकी दोनच जुळले तर अजून टॅन⁻¹ च चालू आहे.

शून्य_चेनेज

चारही जुळले. ?ए आणि ?→सी असे वेगवेगळे का लिहिलेत? दोन्ही इनपुटच मागतात ना?

दुर्बीण

मागतात, पण वागणूक वेगळी. ?ए जुना आकडा दाखवून विचारते. नुसते ईएक्सई बटण दाबले की तोच कायम राहतो. ?→सी ला दर वेळी नवा आकडा द्यावाच लागतो.

स्टेशन दिवसभर एकच, म्हणून त्याला पहिला प्रकार. बिंदूला मात्र पहिला प्रकार कधीच देऊ नये. उन्हात ईएक्सई दोनदा दाबले गेले की मागच्या बिंदूचे ईस्टिंग आणि नव्याचे नॉर्दिंग अशी खिचडी होते आणि उत्तर दिसायला अगदी सभ्य असते. माझ्या मते या मशीनवरच्या निम्म्या "गूढ" चुका इथल्याच.

गोदाकाठ

दुसऱ्या अडचणीबद्दल. ४५००पी आणि ४८००पी च्या लिखाणात महिरपी कंसातली अक्षरे दिसतील. ती इनपुट मागण्याची जुनी पद्धत. ५८००पी मध्ये तिथे ?→ए : ?→बी असे सुटे लिहायचे. दुसरे म्हणजे जुन्या प्रोग्रॅममध्ये ⇒ नंतर शेवटी एक छोटा त्रिकोण असतो, अट तिथे संपते. ५८००पी च्या ⇒ मध्ये तो नाही. अट खरी असेल तर लगेच पुढचे एकच विधान चालते, खोटी असेल तर तेवढे एकच वगळले जाते. एकापेक्षा जास्त विधाने अटीखाली असतील तर इफ, देन, एल्स, इफएंड वापरा.

लेबल, गोटू, ◢ हे जसेच्या तसे चालतात.

एरर आल्यावर एसी दाबून बाहेर पडण्याआधी डावा किंवा उजवा बाण दाबा. कर्सर चुकीच्या जागी जाऊन उभा राहतो. झेरॉक्सशी ओळन् ओळ ताडत बसण्यापेक्षा हे बरे.

नव्यांसाठी बटणांचा क्रम: मोड, ५ (प्रोग्रॅम), १ (न्यू), नाव टाइप करून ईएक्सई, मग फाइलचा प्रकार १ (कॉम्प). इफ, लेबल, गोटू हे फंक्शन बटणात ३ खाली. ते शब्द अक्षर अक्षर टाइप करायचे नसतात, तसे केले तर मशीन त्यांना दोन-चार व्हेरिएबलचा गुणाकार समजते. ▶डीएमएस त्याच मेन्यूत अँगलखाली. डेग आणि फिक्स सेटअपमधून.

दुर्बीण

आता तिसरी अडचण, कर्व्ह. यातले रेक( म्हणजे पोल( चे उलटे: अंतर आणि कोन दिला की दोन्ही फरक आय आणि जे मध्ये मिळतात.

ए, बी: कर्व्ह सुरू होतो त्या बिंदूचे (टीसी) नॉर्दिंग, ईस्टिंग
सी: तिथल्या टँजंटचे बेअरिंग
आर: त्रिज्या, उजवीकडे वळत असेल तर धन, डावीकडे ऋण
एस: टीसी चे चेनेज
एल: हवे ते चेनेज
एच: ऑफसेट, उजवा धन, डावा ऋण

डेग : फिक्स ३
?ए : ?बी : ?सी : ?आर : ?एस
लेबल १
?→एल : ?→एच
१८०×(एल−एस)÷(π×आर)→टी
रेक(२×आर×साइन(टी÷२), सी+टी÷२)
ए+आय→एक्स : बी+जे→वाय
एक्स+एच×कॉस(सी+टी+९०)→एक्स
वाय+एच×साइन(सी+टी+९०)→वाय
"एन" : एक्स◢
"ई" : वाय◢
गोटू १

तपासायला: ए, बी, सी, एस सगळे ०, आर २००, एल १००, एच ०. उत्तर एन ९५.८८५, ई २४.४८३. एच ५ दिला तर ९३.४८८ आणि २८.८७१. आर −२०० केला (एच ०) तर एन तोच, ई −२४.४८३. हे तिन्ही जुळले तर चिन्हे बरोबर आहेत.

शून्य_चेनेज

कर्व्हचा बिंदू रेक( ने काढला आणि ऑफसेट कॉस-साइनने. दोन्ही रेक( ने का नाही? एक ओळ वाचली असती.

दुर्बीण

वाचली असती, पण डावा ऑफसेट टाकल्याबरोबर मॅथ एरर. रेक( मधले अंतर ऋण चालत नाही, शून्य किंवा धनच हवे.

कर्व्हच्या ओळीत ही अडचण येत नाही. डाव्या कर्व्हला आर ऋण आणि टी पण ऋण, गुणाकार धन. उलट फायदाच होतो. टीसी च्या मागचे चेनेज चुकून टाकले तर टी चे चिन्ह फिरते, अंतर ऋण होते आणि मशीन मॅथ एरर देऊन थांबते. फुकटचा राखणदार म्हणा.

कर्व्हच्या शेवटी मात्र असा राखणदार नाही. सीटी च्या (कर्व्ह संपतो तो बिंदू) पुढचे चेनेज टाकले तर प्रोग्रॅम मुकाट्याने तसाच गोल फिरत राहतो. कर्व्हची लांबी व्हेरिएबलमध्ये घेऊन एल−एस तिच्यापेक्षा मोठे असेल तर "कर्व्ह संपला" असे दाखवणारी एक अट टाका.

पाटकरी

एक पुरवणी. कर्व्हवर दर २० मीटरला टेपने खुंटी मारणारे जीवा आणि कंस एकच धरतात. २०० मीटर त्रिज्येला २० मीटर कंसाची जीवा १९.९९२, म्हणजे ८ मिलिमीटरचा फरक, चालून जातो. घाटातल्या ६० मीटर त्रिज्येच्या वळणावर तीच जीवा १९.९०८ होते. खुंटीमागे ९ सेंटिमीटर. पाच खुंट्यांत अर्धा मीटर गेला.

तंत्रनिकेतन_तिसरे_वर्ष

तुमच्या ओळीत (π×आर) ला कंस आणि गुणिले चिन्ह दोन्ही आहेत. मी ÷πआर असे लिहिले, उत्तर तेच आले. कंस लागतो का?

गोदाकाठ

कॅसिओवर लागत नाही. π किंवा व्हेरिएबलच्या आधी गुणिले चिन्ह गाळले तर तो गुणाकार भागाकाराच्या आधी होतो. १÷२π म्हणजे १÷(२π). पण १÷२×π लिहिले की डावीकडून उजवीकडे, म्हणजे (१÷२)×π. एक चिन्ह टाकले की उत्तर जवळजवळ दहापट, कारण π चा वर्ग ९.८७. हाच प्रोग्रॅम उद्या एक्सेलमध्ये उतरवाल तेव्हा चिन्हे घालावीच लागतील आणि कंस नसेल तर तिथे फसाल. छेदात दोन गोष्टी असल्या की कंस, हा हिशेब सोपा.

घातांकाचीही तीच गत. पाटकरी सांगतीलच.

पाटकरी

सांगतो. पाटातला विसर्ग काढण्याच्या मॅनिंगच्या सूत्रात आर चा (क्षेत्रफळ भागिले ओला परीघ) २÷३ घात येतो. कंस न घालता आर चा वर्ग भागिले ३ असे गेले तर काय होते पाहा. पाटाची तळरुंदी २ मीटर, बाजूचा उतार १.५:१, एन (खरबरीतपणाचा गुणांक) ०.०१८, तळउतार २५०० ला १, खोली १ मीटर. क्षेत्रफळ ३.५, ओला परीघ ५.६०६, आर ०.६२४. बरोबर विसर्ग २.८४१ घनमीटर प्रति सेकंद. कंसाशिवाय ०.५०५. चारीचा आकडा म्हणून ०.५०५ सुद्धा पटण्यासारखा असतो, हीच गोम.

गंगापूर, दारणा या धरणांच्या पाटांवर काम करणाऱ्यांना नेहमी उलटा प्रश्न पडतो: विसर्ग ठरलेला आहे, पाणी किती खोल वाहील? खोलीसाठी सरळ सूत्र नाही, अंदाज घेत जावे लागते. त्याचा प्रोग्रॅम:

?बी : ?झेड : ?एन : ?एस : ?क्यू
०.०१→एल : ५→एच
फॉर १→के टू २०
(एल+एच)÷२→वाय
वाय×(बी+झेड×वाय)→ए
बी+२×वाय×√(१+झेड²)→पी
ए×(ए÷पी)^(२÷३)×√(एस)÷एन→व्ही
इफ व्ही<क्यू : देन वाय→एल : एल्स वाय→एच : इफएंड
नेक्स्ट
"खोली" : वाय◢
"वेग" : क्यू÷ए◢

बी तळरुंदी, झेड बाजूचा उतार, क्यू विसर्ग. एस मध्ये उतार दशांशात, २५०० ला १ म्हणजे ०.०००४. विसर्ग ३ टाकला तर वरच्याच पाटाला खोली १.०२८ मीटर, वेग ०.८२ मीटर प्रति सेकंद.

खोली एल आणि एच च्या मध्ये कुठेतरी आहे एवढे धरून दर फेरीला मधला आकडा तपासायचा आणि चुकीचा अर्धा भाग टाकून द्यायचा. सुरुवातीचा ५ मीटरचा पट्टा वीस फेऱ्यांत मिलिमीटरच्या दोनशेव्या भागापर्यंत येतो. न्यूटनच्या पद्धतीने पाच-सहा फेऱ्यांत काम होते, पण सुरुवातीचा अंदाज वाकडा पडला तर खोली ऋण होते आणि घातांक मॅथ एरर देतो. ही पद्धत मंद आहे पण अडत नाही.

फक्त उत्तर ५ किंवा ४.९९९ आले तर ते उत्तर नव्हे. विसर्ग त्या पट्ट्यात बसलाच नाही असा त्याचा अर्थ. एच मोठा घ्या किंवा क्यू चे एकक तपासा, लिटरमध्ये टाकलेला असतो बहुधा.

सातपूरचा_टर्नर

सर्व्हे सोडून विचारतो, चालेल ना? पीसीडी वर (भोकांच्या केंद्रांतून जाणारे वर्तुळ) भोके पाडण्यासाठी एक्स-वाय काढायचे आहेत. सीएनसी वर सायकल आहे, पण साध्या मिलिंगला डीआरओ वर (टेबलची जागा दाखवणारा डिस्प्ले) आकडे हाताने टाकतो. प्रोग्रॅम असा:

?आर : ?एन : ?ए
फॉर ०→आय टू एन−१
रेक(आर, ए+३६०×आय÷एन)
आय◢
जे◢
नेक्स्ट

आर ६०, एन ६, ए ०. पहिले भोक ६०, ० दाखवतो आणि प्रोग्रॅम संपतो. सुरुवातीचा कोन १८० दिला तर उलटेच, संपतच नाही, एकच भोक परत परत दाखवतो. मशीन बिघडले का?

दुर्बीण

मशीन ठीक आहे. तुमच्या लूपचा मोजणारा आय, आणि रेक( चे उत्तर जाते तेही आय मध्येच.

कोन ० असताना: आय ०, रेक( ने आय मध्ये ६० भरले. नेक्स्टने ६१ केले. ६१ हे ५ पेक्षा मोठे, लूप संपला.

कोन १८० असताना: पहिल्या फेरीत आय −६० झाला, नेक्स्टने −५९. कोन १८०+६०×(−५९) = −३३६०, म्हणजे २४० अंश. आय −३०, जे −५१.९६२. नेक्स्टने −२९. कोन १८०−१७४० = −१५६०, तोही फिरून २४० अंशच. पुन्हा −३०, पुन्हा −२९. हे कधीच संपणार नाही. एसी दाबून बाहेर या.

मोजणारा के करा, बाकी सगळे तसेच ठेवा. ६० त्रिज्येला दुसरे भोक ३० आणि ५१.९६२ यायला हवे. आणि ड्रॉइंगवर पीसीडी व्यास म्हणून असतो, आर मध्ये निम्मा टाका. तिथे १२० टाकून पाडलेली भोके बुजवता येत नाहीत.

गोदाकाठ

हे मॉडेलनुसार बदलते, म्हणून नोंदवून ठेवतो. पोल( आणि रेक( चे उत्तर ५८००पी मध्ये आय आणि जे, ९९१ईएस मध्ये एक्स आणि वाय, ९९१एमएस मध्ये ई आणि एफ. एका मशीनचा प्रोग्रॅम किंवा सवय दुसऱ्यावर नेली की नेमके हेच अक्षर आड येते.

शिवाय ए ते झेड ही अक्षरे सगळ्या प्रोग्रॅमना सामाईक आहेत. पाटाचा प्रोग्रॅम चालवला की त्याने ए मध्ये क्षेत्रफळ भरले. मग कर्व्हचा प्रोग्रॅम उघडला तर ?ए ला जुने नॉर्दिंग म्हणून ते क्षेत्रफळच समोर येईल.

तंत्रनिकेतन_तिसरे_वर्ष

परीक्षेला ५८००पी चालतो का?

गोदाकाठ

नाही. एमएसबीटीई च्या (तंत्रनिकेतनांचे परीक्षा मंडळ) प्रश्नपत्रिकेवरच नॉन-प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटर असे छापलेले असते. पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या प्रश्नपत्रिकांवर कॅल्क्युलेटरसोबत स्लाइड रूललाही परवानगी दिलेली दिसते, हौस असेल तर ती शोधा. गेटला २०१६ पासून स्वतःचा कॅल्क्युलेटर नेताच येत नाही, स्क्रीनवरचा माउसने वापरायचा.

परीक्षेपुरते ९९१ईएस चे कॅल्क बटण शिकून घ्या. सूत्र अक्षरांत टाइप करा, कॅल्क दाबा, मशीन एकेक किंमत विचारते. एकच सूत्र पाच-सहा वेळा लागते तिथे बराच वेळ वाचतो. मोड बदलला किंवा ऑन दाबले की सूत्र जाते, एवढे ध्यानात ठेवा.

ओझरकर

डीजीपीएस ने (अचूक जीपीएस) दोन कंट्रोल पॉइंट दिलेत, साधारण १ किलोमीटर अंतरावर. त्यांचे यूटीएम (गोल पृथ्वी सपाट ग्रिडवर उतरवण्याची पद्धत) कोऑर्डिनेट वरच्या पोल( च्या प्रोग्रॅममध्ये टाकले. टोटल स्टेशनचे अंतर त्यापेक्षा सुमारे ३० सेंटिमीटर जास्त येते. प्रिझम कॉन्स्टंट (प्रिझमसाठी अंतरात करायची ठरावीक दुरुस्ती) तपासला, बरोबर आहे. डीजीपीएस वाल्याकडून परत करून घ्यावे का?

दुर्बीण

थांबा, दोघेही बरोबर असू शकतात. प्रिझम कॉन्स्टंट चुकला असता तर फरक प्रत्येक अंतराला सारखा आला असता, इथे तो अंतराच्या प्रमाणात आहे. ५०० मीटरला १५ सेंटिमीटर येतो का पाहा.

नाशिक यूटीएम च्या ४३ व्या झोनमध्ये येते. झोनचे मध्य रेखावृत्त ७५° पूर्व, तिथे स्केल ०.९९९६. शहर साधारण ७३.८° वर, म्हणजे मध्य रेखावृत्तापासून सव्वाशे किलोमीटर पश्चिमेला. तिथे स्केल ०.९९९८ च्या आसपास येतो. त्यात समुद्रसपाटीपासूनची उंची. ५८५ मीटर धरली तर १−५८५÷६३७१००० = ०.९९९९१. दोन्हींचा गुणाकार ०.९९९७. जमिनीवरचा १ किलोमीटर ग्रिडवर ९९९.७ मीटर, म्हणजे तुमचे ३० सेंटिमीटर.

इगतपुरीकडे हा फरक कमी होऊन किलोमीटरला वीस-एकवीस सेंटिमीटरवर येतो, मालेगावकडे चाळिशीच्या पुढे जातो. मध्य रेखावृत्ताजवळ जाऊ तसा फरक कमी व्हावा असे वाटते, पण तिथे स्केल मुद्दाम १ पेक्षा कमी ठेवलेला आहे, म्हणून उलटे होते.

प्रोग्रॅममध्ये ?एफ घ्या आणि "अंतर" च्या ओळीत आय च्या जागी आय÷एफ लिहा. स्थानिक कोऑर्डिनेट असतील तेव्हा एफ १. टोटल स्टेशनमध्येही स्केल फॅक्टर भरण्याची जागा असते. दोन्हीकडे भरला तर दुरुस्ती दोनदा होईल, म्हणून कुठे भरलाय ते फील्डबुकात लिहून ठेवा.

ओझरकर

५०० ला १५ च येतोय. डीजीपीएस वाल्याला फोन करणार होतो, वाचला बिचारा.

लेव्हलपट्टी

हे सगळे फोनवर होत नाही का? फ्री४२ नावाचा फुकट प्रोग्रॅम अँड्रॉइडवर मिळतो, एचपी च्या १९८८ च्या ४२एस ची हुबेहूब वागणूक. स्क्रीन मोठी, प्रोग्रॅमची प्रत काढून ठेवता येते.

गोदाकाठ

होते, आणि आरपीएन ची (आधी आकडे, मग क्रिया टाकण्याची पद्धत) सवय असेल तर कंसांची भानगडही मिटते. पण एप्रिलच्या उन्हात स्क्रीन दिसत नाही, घामाच्या बोटाला टच ऐकत नाही आणि मध्येच कोणाचा तरी फोन येतो. ५८००पी एका एएए सेलवर चालतो आणि बटण दाबल्याचे बोटाला कळते. ज्याची त्याची आवड.

प्रत काढण्याचा मुद्दा मात्र मान्य. ५८००पी संगणकाला जोडता येत नाही, तीन पिनच्या केबलने दुसऱ्या ५८००पी लाच जोडता येतो. सिस्टम मेन्यूतले रीसेट ऑल दाबले की प्रोग्रॅमसकट सगळे पुसते. प्रत्येक प्रोग्रॅम कागदावर हवा आणि त्याच कागदावर तपासणीचे आकडे.

पाटकरी

सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर कॉस ६० दाबायचे. ०.५ आले तर डिग्री. −०.९५२ म्हणजे रेडियन, ०.५८८ म्हणजे ग्रेडियन. प्रोग्रॅममध्ये डेग आहे म्हणून आपण बेफिकीर राहतो, पण प्रोग्रॅम चालवण्याआधी सुटे गणित केले तर तो आधीचाच मोड वापरतो.

दुसरे, कोन टाकताना. काही टोटल स्टेशनांवर ४५°१२′३०″ हा कोन ४५.१२३० असा टाकतात. कॅल्क्युलेटरवर तसाच टाकला तर तो दशांश अंश धरतो. फरक ०.०८५ अंश, १०० मीटरवर १५ सेंटिमीटर. अंश-मिनिटांचे बटण तीनदा दाबूनच कोन भरा.

सातपूरचा_टर्नर

के केल्यावर सहाही भोके आली. कागदावर उतरवून मशीनजवळ चिकटवलाय. एक शंका राहिली. फिक्स ३ वर ५१.९६२ दिसतो, आत किती असतो?

गोदाकाठ

आत ५१.९६१५२४… पूर्ण असतो. फिक्स फक्त दाखवताना गोल करतो. पुढच्या गणितात गोल केलेलाच आकडा हवा असेल तर राउंडचे फंक्शन लावावे लागते. सर्व्हेत ते सहसा नको असते. तुम्ही डीआरओ वर आकडा हाताने टाकणार, तर दिसतो तोच टाका.

शून्य_चेनेज

कर्व्हचे तिन्ही आकडे जुळले, सीटी ची अटही टाकली. रस्त्याच्या कर्व्हला दोन्ही बाजूंना स्पायरल (सरळ रस्ता आणि वर्तुळ जोडणारा, त्रिज्या हळूहळू बदलणारा भाग) आहे, तो या प्रोग्रॅममध्ये बसवता येईल का?

दुर्बीण

बसवता येईल, पण याच फाइलमध्ये नको. स्पायरलला एक्स आणि वाय मालिकेने काढावे लागतात आणि दुसऱ्या टोकाचा स्पायरल उलट्या दिशेने मोजावा लागतो. स्पायरलची वेगळी फाइल करा, मुख्य प्रोग्रॅममधून प्रॉग ने बोलवा आणि त्यात आय-जे सोडून कोणती अक्षरे लागतील ते आधी कागदावर वाटून घ्या. नवा धागा काढा. डिझाइनची स्पायरल लांबी, त्रिज्या आणि एका मधल्या चेनेजचे ड्रॉइंगवरचे कोऑर्डिनेट तिथे द्या, म्हणजे ताडून बघायला काहीतरी राहील.